साखऱ्याच्या फाट्यापर्यंत

उन्हाळ्यात हिंडायला निघणाऱ्याला वसमतमध्ये लोक वेड्यात काढतात, आणि त्यात लोकांचं काही चुकतं असंही नाही. मे महिन्यात सकाळी दहालाच डांबर मऊ पडतं, कुत्री नळाखालच्या ओलीत जाऊन पसरतात, आणि आमचे राधाकृष्णराव मात्र दर रविवारी पहाटे पाचला बायकोला गाडीत बसवून निघालेले. मागच्या सीटवर सतरंजी, पाण्याचा जार, धपाट्यांचा डबा, दही आणि कैरीचं पन्हं. गाडी जुनी, चालवणारा नवा. जानेवारीत तहसीलमधून रिटायर झाल्यावर ते गाडी शिकले होते, त्यामुळे ताशी चाळीसच्या पुढं काटा गेला की त्यांच्याच कपाळाला घाम फुटायचा. मागून ट्रक हॉर्न वाजवून वाजवून थकायचे.

"काकू, नवस-बिवस बोललात का काही? एवढ्या उन्हात कुठं हिंडून राहिलात?" शेजारची कोमल गेटवरून विचारायची.

"यांची हौस गं बाई," गंगूताई म्हणायच्या आणि डोक्यावरचा पदर सारखा करत पुढच्या सीटवर बसायच्या.

हौस कसली, डोंबल! खरं कारण दोघांनाही ठाऊक होतं, बोलायचं मात्र कुणी नाही. उन्हाळ्यातला रविवार म्हणजे लग्नांचा दिवस. टेबलावर पत्रिकांचा ढीग पडलेला, आणि लग्नाला गेलं की जेवणाच्या पंगतीत कुणीतरी वाकून विचारणारच, "जान्हवी काय म्हणते? कुठं असते आता?" घरी बसावं तर संध्याकाळी लोक दारात येऊन विचारणार की लग्नाला काहून आला न्हाईत. त्यापेक्षा गावातच नसलेलं बरं. बाहेरगावी गेलो होतो म्हटलं की विषय संपतो.

जान्हवी ही त्यांची एकुलती एक लेक. तीन वर्षांपूर्वी तिनं साखऱ्याच्या बालाजीशी रजिस्टर लग्न केलं. तो कोरडवाहू शेती करणाऱ्या घरचा पोरगा, आणि हे पिढ्यान्‌पिढ्या देवळातल्या पूजेअर्चेचं घराणं, थोरला भाऊ अजून गाभाऱ्यात उभा राहणारा. पोरीनं घरी आधी सांगितलं होतं, विनवलं होतं, रडली होती. इकडून नकार आला तशी ती गेली. गंगूताईंनी त्या दिवशी जे अंथरूण धरलं ते आठ दिवस सोडलं नाही, आणि आठव्या दिवशी राधाकृष्णरावांनी देवघरासमोर उभं राहून सांगितलं, "या घरात ते नाव पुन्हा निघायचं न्हाई." त्या दिवसापासून ते निघालं नाही. माणूस शब्दाचा पक्का. तहसीलमधली फाईल जशी एकदा बंद केली की केली, तशी त्यांनी पोरगी बंद केली, असं गंगूताईंना वाटलं.

आणि गंगूताई? त्या तीन महिने गप्प बसल्या. चौथ्या महिन्यात त्यांनी नवस बोलल्याचं जाहीर केलं. दर महिन्याच्या शिवरात्रीला औंढ्याला नागनाथाच्या दर्शनाला जायचं. देवळातल्या घराण्यात वाढलेला नवरा, नवसाला कोण हरकत घेणार? उलट त्यांनी परसातल्या झाडाचा बेल स्वतः तोडून दिला. गंगूताई सहाच्या एसटीनं औंढ्याला उतरायच्या, पिंडीवर बेल वाहायच्या, अंगारा पुडीत बांधायच्या, आणि तशाच पुढच्या एसटीत चढायच्या. हिंगोली, सेनगाव, साखरा. लेकीकडं अडीच तास बसायचं, डोळे भरून बघायचं आणि दिवेलागणीला घरी. बायकांना एसटीचं तिकीट अर्धं झालं तेव्हा त्यांना वाटलं, सरकारनं हे आपल्याचसाठी केलं.

राधाकृष्णराव रिटायर झाले आणि पंचाईत झाली. "चल, मी सोडतो गाडीनं औंढ्याला," ते म्हणाले. पण बाई काही कच्ची नव्हती. "नवस बोलताना मी एसटीनं येईन असं बोललेय. गाडीनं गेले तर देवाला कसं चालेल?" नवसाचा शब्द बोलला तसाच पाळायचा असतो, हे राधाकृष्णराव आजोबांच्या मांडीवर बसून शिकले होते. त्यांनी मान डोलावली आणि बेल तोडायला गेले. त्या दिवशी मात्र गंगूताईंना स्वतःची लाज वाटली.

असो. तर हे रविवार.

पहिल्या रविवारी ते हट्ट्याकडं गेले, ऑफिसातल्या एका जुन्या सोबत्याच्या आमराईत. दुसऱ्या रविवारी शिरड शहापूरच्या पुढं एका वडाखाली सतरंजी टाकली. तिसऱ्या रविवारी औंढ्याचा डोंगर. तिथं प्रसादाच्या दुकानातली बाई ओरडली, "मावशी, आज एसटी सोडून गाडीनं?" आणि गंगूताईंना दरदरून घाम फुटला. राधाकृष्णराव उलट खूश झाले. बायकोला देवाच्या दारात लोक ओळखतात, ही केवढी गोष्ट.

चौथ्या रविवारी सिद्धेश्वरचं धरण. पाणी उतरून लांब गेलेलं, काठाला भेगाळलेला गाळ, पलीकडं बगळे. राधाकृष्णराव म्हणाले, "पाय बुडवतीस का?" गंगूताई पाण्यात उतरल्या आणि मागं वळून बघतात तर काय, नवरा त्यांच्या चपला हातात धरून उभा! तेहतीस वर्षांच्या संसारात या माणसानं त्यांना लग्नं, बारशी आणि देवस्थानं सोडून कुठं म्हणून नेलं नव्हतं. आता तो डब्यातला शेवटचा धपाटा अर्धा करून देत होता, "त्या बगळ्याकडं बघ, आपल्या हेडक्लार्कसारखा उभा आहे," म्हणून हसवत होता. गंगूताईंना ते इतकं गोड वाटलं की त्यांना भीती वाटायला लागली. रविवार कधी येतो याची त्या सोमवारपासून वाट बघायच्या, तरण्या पोरीनं बघावी तशी. या वयात हे आपल्या वाट्याला आलं, ते टिकू दे, असं त्या पाण्यात उभ्या राहून मनातल्या मनात म्हणाल्या.

पाचव्या रविवारी नर्सी. सहाव्या रविवारी राधाकृष्णराव सहज बोलल्यासारखं बोलले, "सेनगावकडं जाऊन बघू. तिकडं काय आहे कुणास ठाऊक."

तिकडं काय आहे ते गंगूताईंना पक्कं ठाऊक होतं. त्यांनी नवऱ्याकडं बघितलं. तो समोर रस्त्याकडं बघत होता, दोन्ही हातांनी स्टिअरिंग आवळून. आणि तेव्हा त्यांच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. हा माणूस हिंडत नव्हता. हा दर रविवारी थोडा थोडा पुढं सरकत होता. औंढा, धरण, नर्सी, सेनगाव. थंड पाण्यात उतरणारा माणूस जसा आधी घोटा, मग पोटरी, मग गुडघा बुडवतो, तसं चाललं होतं त्यांचं. सेनगावच्या चौकात त्यांनी गाडी थांबवली, पाटीवरचं साखऱ्याचं नाव वाचलं, आणि "ऊन वाढलं" म्हणून परत फिरवली. सकाळचे आठ वाजले होते.

तो आठवडा गंगूताईंचा कसा गेला ते त्यांचं त्यांना माहीत. बापलेकीची भेट व्हावी म्हणून ज्या बाईनं एवढे दिवस देव पाण्यात ठेवले, तिला आता ती भेट होणार म्हणून झोप येईना. कारण तिथं गेलं की सगळं उघडं पडणार. सगळ्यांना फोन करून पढवता आलं असतं. जान्हवी गप्प राहिली असती. व्याही तातेराव आणि विहीणबाई द्वारकाबाई समजूतदार माणसं, त्यांनीही पहिल्यांदा भेटल्याचं सोंग केलं असतं. बालाजी तर तसाही दिवसात चार शब्द बोलणारा. पण रुद्रचं काय करायचं? दोन वर्षांचं लेकरू. ते आजी म्हणून धावत येणार आणि पिशवीत हात घालणार. त्याला खोटं बोलायला कोण शिकवणार?

बरं, सांगून टाकावं, तर हा माणूस दुखावून पुन्हा दार लावून घेईल. मग पोरगीही गेली आणि रविवारही गेला. जाऊ दे, पुढच्या रविवारी काहीतरी दुखतंय म्हणावं आणि घरीच राहावं, असंही त्यांना वाटून गेलं. हे वाटलं याचा त्यांना स्वतःचाच राग आला. आईच्या जातीला शोभतं का हे?

सातवा रविवार उजाडला. सेनगावच्या चौकात यावेळी गाडी थांबली नाही. दोन्ही बाजूंनी नांगरून उलटी पडलेली काळी ढेकळं, कुठं हळदीच्या पाल्याचे ढीग, कुठं बांधावर एखादं कडुनिंब. साखऱ्याच्या फाट्यावर मात्र राधाकृष्णरावांनी गाडी कडेला घेतली आणि बंद केली.

"पाणी दे."

त्यांनी पाणी प्यायलं. बाटलीचं झाकण लावलं, उघडलं, पुन्हा लावलं.

"चल, परत जाऊ," ते म्हणाले.

"इथवर येऊन?"

"इथवर म्हणजे कुठवर, ते ठाऊक आहे का तुला? हे..." त्यांच्या तोंडून नाव निघेना. "हे तिचं गाव आहे."

गंगूताईंनी पदराचं टोक बोटाला गुंडाळलं.

"तुला तकलीफ होईल म्हणून मी ते नाव काढत नव्हतो. आठ दिवस तू तोंडात घास घेतला नव्हतास. मला वाटलं, नाव निघालं की तू पुन्हा पडशील. तू एकदा जरी म्हणाली असतीस ना, तर मी त्याच पावली गेलो असतो. पण तूही काढलं न्हाईस. मी म्हटलं, हिचा राग अजून गेला न्हाई, आपण हिच्यासोबत राहिलं पाहिजे." त्यांनी चष्मा काढला आणि शर्टाच्या टोकाला पुसला. "आता जाऊन कुणाच्या दारात उभा राहू? मला तिचं घर माहीत न्हाई. लेकरू झालं का न्हाई झालं, तेही माहीत न्हाई. असा कोणता बाप असतो?"

गंगूताईंनी त्या माणसाकडं बघितलं. मान खाली घालून बसलेला, कानामागचे केस पांढरे झालेले, बिचारा. आणि आठवडाभर केलेले सगळे हिशोब त्यांच्या हातून सुटले.

"पोरगा आहे," त्या म्हणाल्या. "रुद्र नाव. येत्या श्रावणात दोन वर्षांचा होईल. नाक तुमच्यावर गेलंय."

राधाकृष्णरावांनी चष्मा घातला. "तुला कुणी सांगितलं?"

"सांगायला कशाला पाहिजे? बारशाला होते मी."

बाहेर कडेच्या निंबावर होला घुमत होता.

"म्हणजे... शिवरात्रीला?"

"व्हय."

"किती वेळा?"

गंगूताईंना आकडा शोधावा लागला नाही. "एकतीस."

राधाकृष्णराव दार उघडून खाली उतरले. निंबापर्यंत चालत गेले, तिथं पाठमोरे उभे राहिले. ऊन तापायला लागलं होतं. गंगूताईंना वाटलं, आता ओरडतील. ओरडू दे, चार शिव्या देऊ दे, मोकळं तरी होईल. पण ते परत आले, खिडकीपाशी वाकले आणि हळू आवाजात म्हणाले, "म्हणजे तीन वर्षं मी एकटाच रुसून बसलो होतो? मला वाटलं, आपण दोघं आहोत."

गंगूताईंच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी यायला लागलं. मी तुम्हाला दगड समजले, असं त्यांना म्हणायचं होतं, पण ते म्हणणं आणखीच वाईट झालं असतं.

ते आत बसले. गाडी सुरू केली. "रस्ता सांग."

"सरळ घ्या. शाळेपासून डावीकडं."

शाळेपासून डावीकडं वळले.

"इथं हळू, चर आहे मोठी," गंगूताई बोलून गेल्या आणि त्यांनी जीभ चावली. राधाकृष्णरावांनी गाडी हळू घेतली. पुढं एक म्हातारी ओट्यावरून ओरडली, "आलात का बाई? या वक्ती मधीच कशा?" आणखी पुढं एक कुत्रं गाडीमागं शेपूट हलवत धावलं. सगळं गाव ओळख दाखवत होतं. प्रत्येक वळणावर गंगूताई खाली खाली सरकत होत्या, आणि राधाकृष्णराव समोर बघून गाडी चालवत होते.

अंगणात तातेराव बाजेवर बसले होते. गाडीतून कोण उतरतंय ते दिसलं तसे ते उठले, टोपी शोधायला आत धावले, टोपी न घेताच बाहेर आले. "या, या इवाई! काय म्हणावं आता..." द्वारकाबाईंनी पायावर घालायला पाण्याचा तांब्या आणला. आणि जान्हवी भाकरीच्या पिठाच्या हातांनी दारात आली आणि चौकट धरून उभी राहिली.

राधाकृष्णराव किती काय काय ठरवून आले असतील. त्यातलं एकही वाक्य त्यांना आठवलं नाही. "भाकरी कर आधी," ते म्हणाले, "करपेल ती." जान्हवीनं बाबा अशी हाक मारली आणि पिठासकट त्यांच्या गळ्यात पडली. शर्टावर दोन पांढरे पंजे उमटले. त्यांनी ते पुसले नाहीत.

रुद्र आतून पळत आला. आजोबांच्या पायांना वळसा घालून थेट गंगूताईंच्या कडेवर चढला. राधाकृष्णरावांनी हात पुढं केले तसा त्यानं भोकाड पसरलं. "नवीन माणूस बघून रडून राहिला," द्वारकाबाई सांभाळून घेत म्हणाल्या. नवीन माणूस! राधाकृष्णराव हसले, सगळे हसले. पण गंगूताईंनी त्यांचे रिकामे हात बघितले आणि त्यांना ते लेकरू कडेवर जड वाटायला लागलं.

जेवणं झाली. राधाकृष्णराव बालाजीबरोबर वावरात जाऊन विहीर बघून आले, जावयाला म्हणाले, "चार शब्द बोलतोस ते तरी बराबर बोलतोस." पोरीशी माजघरात बसून तासभर बोलले. सगळ्यांशी बोलले. फक्त गंगूताईंशी नाही.

परतीच्या वाटेवर हिंगोली मागं पडलं. औंढ्याचं शिखर दिसलं तेव्हा गंगूताईंनी हात जोडले. तेवढ्यात राधाकृष्णरावांनी विचारलं, "तो अंगारा?"

"अंगारा खरा होता. देवाशपथ. दर वेळी दर्शन घेऊनच पुढं गेले."

"मी तो रोज लावत होतो," ते म्हणाले. "पोरगी सुखात राहू दे म्हणून."

पुढं वसमतपर्यंत गंगूताई खिडकीकडं तोंड करून बसल्या. घरासमोर गाडी थांबली. राधाकृष्णरावांनी किल्ली काढली, पण उतरले नाहीत.

"पुढच्या रविवारी मी जाणार साखऱ्याला. एकटा."

"एकटे?"

"तुझे एकतीस झाले. माझेही एकतीस होऊ दे. त्या लेकराला मी ओळखीचा होऊ दे. मग जाऊ सोबत." आवाजात राग नव्हता. राग असता तर बरं झालं असतं. तहसीलमध्ये लोकांना नियम समजावून सांगताना जो आवाज लागायचा, तो होता.

एकतीस रविवार म्हणजे पावसाळा, पोळा, दिवाळी, सगळं आलं त्यात. ती पुढची सीट, अर्धा धपाटा, पाण्यात बुडवलेले पाय. गंगूताईंनी मनात मोजलं आणि "बरं" म्हणाल्या. दुसरं काय म्हणणार? पोरीचं सुख त्यांनी एकटीनं भोगलं होतं. नवऱ्याच्या वाट्याचंही त्यांनीच भोगलं होतं.

पुढच्या रविवारी पहाटे त्यांनी धपाटे केले, दही बांधलं, पन्ह्याची बाटली भरली. रुद्रसाठी शेंगदाण्याचे लाडू वेगळ्या डब्यात दिले, आणि तो आधी नखरे करेल, लाडू हातात धरून नुसतं बसायचं, आपण होऊन जवळ येतो, एवढंच सांगितलं. राधाकृष्णरावांनी ऐकून घेतलं. गाडी निघाली, चाळीसच्या स्पीडनं वळणापलीकडं गेली. कोमलनं गेटवरून विचारलं, "काकू, आज तुमी न्हाई गेलात?" गंगूताई नुसत्या हसल्या आणि आत आल्या. घर खायला उठलं. त्यांनी दोनदा तांदूळ निवडले.

अकराला जान्हवीचा फोन आला. मागं रुद्रच्या खिदळण्याचा आवाज आणि त्यात राधाकृष्णरावांचा घोडा होऊन खिंकाळण्याचा आवाज. असा आवाज त्या माणसाच्या गळ्यात आहे, हे गंगूताईंना तेहतीस वर्षांत कळलं नव्हतं.

"आई, बाबा आलेत. पण तू काहून आली न्हाईस? ते काही सांगेनात. बरं न्हाई का तुला?"

बरं नाही, असं म्हणणं किती सोपं होतं! एवढ्या वर्षांच्या सवयीनं शब्द ओठावर आलेच होते. गंगूताईंनी ते गिळले, पदरानं डोळे पुसले आणि फोन घट्ट धरला.

"मी धडधाकट आहे, बाई," त्या म्हणाल्या. "तीन वर्षं मी त्यांना नेलं न्हाई. आता ते मला नेत न्हाईत. त्यांना पोटभर जेवू घाल, आणि लवकर निघू देऊ नको."